वाढत्या अंगाचा गणवेश

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. माझे खरे नाव घेताना भल्याभल्यांची जीभ अडखळते, म्हणून रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सगळे मला ‘हेडमास्तर’ म्हणतात. त्यामुळे मीही स्वतःला ‘ते’ नाही, ‘तो’च समजतो.

हे नाव मला उगाच मिळालेले नाही. रक्तातल्या पेशी माझ्या बारीक नळीतून एकामागून एक, रांगेने जातात. ढकलाढकली मी चालवून घेत नाही. प्रत्येकीवर माझा निळा प्रकाश पडतो, तिला लावलेले रंगांचे बिल्ले चमकतात आणि पडद्यावर तिचा एक ठिपका उमटतो. लाखो पेशींची हजेरी मी चहा निवायच्या आत घेतो. आहे का तुमच्या शाळेत कुणी असा?

मला कारखान्यातून आणले तेव्हा मी दारातून आत मावेना. सुताराला बोलावून चौकट काढावी लागली. केवढा मान! पुढे काही वर्षे पाहुणे यायचे आणि माझ्याकडे बघून माना डोलवायचे. मग शेजारच्या खोलीत एक नवे, सडपातळ यंत्र आले आणि माझ्या डोक्यावर लोक डबे ठेवू लागले. एकदा तर चक्क छत्री वाळत घातली होती. असो, सगळे दिवस सारखे नसतात.

माझे काम मात्र अजून सुटलेले नाही. लहान मुलांना कधीकधी रक्ताचा कर्करोग होतो. हाडांच्या आत मऊ मगज असतो, तिथे रक्त तयार होते. त्यातल्या काही पेशी बिघडतात आणि संख्येने मोकाट वाढत सुटतात. औषधांनी त्या मरतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर मैदान साफ दिसते, पण हजारो चांगल्या पेशींत एखादी दबा धरून बसलेली असू शकते. तिला हुडकून काढायचे काम माझे. ती सापडली तर औषध आणखी जोराचे द्यावे लागते.

भिंगरीच्या मगजाचा नमुना माझ्याकडे अनेकदा आला. सात वर्षांची ती पोर क्षणभर एका जागी बसत नसे, म्हणून तिचे नाव भिंगरी. तिची आई शाळेचे गणवेश शिवायची. लेक वॉर्डात झोपली की ती माझ्या काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर हातात शिवण घेऊन बसायची.

या खेपेचा तपास मोठा होता. तो स्वच्छ आला, तर भिंगरी पुन्हा शाळेत जाणार होती. आई तिच्याच गणवेशाला बटणे लावत होती. माझा रोजचा सोबती, प्रयोगशाळेतला दादा, जाता जाता तिथे थांबला.

“खाली दुमड नाही ठेवलीत?” त्याने विचारले. “सगळ्या पोरांच्या गणवेशाला दोन बोटं कापड ठेवता ना?”

“ठेवते ना. पोरं वाढतात, मग उसवून लांब करायचं,” आई म्हणाली. “हिचा आजच्या मापाचाच बेतलाय. आधी हा तरी घालू दे तिला. पुढचं बोलायची भीती वाटते हो.”

दादा आत आला आणि त्याने मला सुरू केले. दादा मनाने सोन्यासारखा, पण चेहऱ्याचा फार कच्चा. पोटातले लगेच तोंडावर येते. ठिपके उमटू लागले, आणि बिघडलेल्या पेशी जिथे बसतात त्या कोपऱ्याजवळच गर्दी झाली.

“अरे देवा! परत आल्या की काय?” दादाचा चेहरा खर्रकन उतरला.

काचेपलीकडून आईने तो पाहिला. ती शिवायची थांबली. सुई कापडात खोचली, गणवेशाची घडी घातली आणि तो पिशवीत तळाशी ठेवून दिला. मित्रांनो, मला बोलता येत नाही याचे इतके वाईट कधीच वाटले नव्हते.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या.

“काय रे, तोंड का पाडून बसलायस?”

“मॅडम, बघा ना. नेमक्या तिथेच.”

“तिथे नाही, शेजारी. आजाराच्या सुरुवातीचं चित्र लाव बरं बाजूला. तेव्हा कशा होत्या?”

“सगळ्या एकसारख्या. एकाच जागी गोळा होऊन.”

“आणि आजच्या?”

दादा पडद्याला नाक लावून बघू लागला. “पसरल्यात. बारक्या, मग जरा मोठ्या, मग आणखी मोठ्या.”

“बिघडलेली पेशी मोठी होतच नाही रे. आहे तिथेच अडून बसते. ह्या वयाने वाढतायत. औषधाला सुट्टी मिळाली, तशी मगजात नवी पिल्लं आलीत. तरी आणखी एक बिल्ला लावून बघू. उगाच हुरळायला नको.”

मी पुन्हा हजेरी घेतली. डोळ्यांत तेल घालून घेतली. बिघडलेली एकही सापडली नाही.

डॉक्टरबाई बाहेर गेल्या, तशी आई उठून उभी राहिली. “खरं सांगा मॅडम. ह्या दादांचं तोंड बघितलंय मी.”

“त्याच्या तोंडावर जाऊ नका, ताई. ते नेहमी घाई करतं. तुमच्या दुकानात एकाच मापाचे गणवेश टांगलेले असतात ना? वाईट पेशी तशा दिसतात. आज आम्हाला दिसली शाळा सुटल्यावरची पोरं. पहिलीतली, दुसरीतली, चौथीतली. सगळी भिंगरीची स्वतःची, चांगली. वाईट एकही दिसली नाही. शाळेत पाठवा तिला.”

आई हसत होती आणि रडतही होती. पिशवीतून गणवेश काढून तिने मांडीवर पसरला. “हा राहू दे,” ती म्हणाली. “दुसरा बेतते. वाढत्या अंगाचा.”

मित्रांनो, आता मी थकलो आहे. माझी नळी रोज धुवा, माझ्यावर छत्र्या वाळत घालू नका आणि हजेरी पुरी होण्याआधी कुणाला घाबरवू नका. तुमच्या वर्गात असे कुणी आजारातून परतले, तर बाकावर सरकून जागा द्या.

परवा भिंगरी तपासणीला आली होती. काचेला नाक लावून ओरडली, “हेडमास्तर, नमस्कार!” अंगात तोच दुसरा, वाढत्या अंगाचा गणवेश होता. खाली आईने दुमड उसवलेली होती आणि जुन्या घडीची रेघ गुडघ्याच्या वर स्पष्ट दिसत होती. दादा त्या रेघेकडे बघत राहिला. चेहरा कच्चाच त्याचा, काही म्हणजे काही लपले नाही.