चौथं कडवं

दोर आसा प्रुइटच्या मानेभोवती बसवताना लेमने गाठ चुकीच्या जागी धरली, तेव्हा आसानेच त्याला ती डाव्या कानामागे सरकवायला सांगितलं. शेरीफ असताना हे काम त्यानेच लेमला शिकवलं होतं. पुढे ज्या टपालगाडीवर बंदूक घेऊन पहारा द्यायचा तीच त्याने लुटली, गाडीवानाला गोळी घातली. आता त्याचा बिल्ला लेमच्या छातीवर होता.

आसा तसा निश्चिंत होता. राज्यपालांनी माफीवर सही केल्याची तार आली होती आणि कागद दुपारच्या टपालगाडीने यायचा होता. तार म्हणजे कागद नव्हे, असं म्हणून न्यायाधीशांनी फाशीची वेळ बदलली नाही. पण गावचा रिवाज होता. कैद्याने स्तोत्र निवडायचं, गावाने म्हणायचं, आणि ते संपेपर्यंत पायाखालची फळी पाडणाऱ्या खटक्याला हात लावायचा नाही.

"कोणतं म्हणायचं, साहेब?" लेमच्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं.

"मेंढपाळाचं. नऊ कडव्यांचं."

गर्दीत कुणीतरी खुसखुसलं. हा मरायलासुद्धा सवड काढतोय म्हणालं.

स्तोत्रांचं पुस्तक गावात एकच, ऑर्फा टॅकेटकडे. ती ओळ सांगायची, गाव मागून उचलायचं. तीन वर्षांपूर्वी तिचा मुलगा, जोडी नावाचा, घोडा चोरल्यापायी याच फळीवर उभा राहिला आणि त्याने हेच स्तोत्र मागितलं. ऊन चढलं होतं, शेरीफचं जेवण निवत होतं. तिसरं कडवं संपताच आसाने खटका ओढला. "उरलेलं देव ऐकून घेईल, बाई," असं वर तिला म्हणाला होता. सात जणांना त्याने लटकवलं, आणि कुणालाच चौथ्या कडव्यापर्यंत जाऊ दिलं नाही. रविवारीही तो देवळाबाहेर घोडे राखत उभा असायचा.

आज ऑर्फाचा आवाज स्वच्छ लागला. एक झालं, दोन झाली. तिसरं संपता संपता खिंडीच्या तोंडाशी धुळीचा लोट उठला. आसाने तो पाहिला.

ऑर्फाने पुस्तक मिटलं. गाव थांबलं.

"बाई, पुढची ओळ," लेम म्हणाला.

"माझ्या जोडीने इथवरच म्हटलं," ती म्हणाली. "मीही इथवरच सांगते."

लेमने टोपी मागे सारून घाम पुसला.

"मग तुम्हीच म्हणा, साहेब. तुमचा आवाज चालू आहे तोवर मी हात लावणार नाही. माझा शब्द."

आसाने तोंड उघडलं. पहिल्या कडव्याची पहिली ओळ बाहेर आली.

"ते झालं, साहेब," लेम हळूच म्हणाला. "पुढचं."

धूळ ओढ्याच्या उतारापर्यंत आली होती. घोड्यांच्या घुंगरांचा आवाज येऊ लागला. मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवून ऑर्फा चौथं कडवं म्हणत होती, नुसते ओठ हलवत, सावकाश. आसा फासातच मान पुढे ताणून त्या ओठांकडे पाहत राहिला.

लेमने खटक्यावर हात ठेवला.