भिंतीवरचा बिबट्या

२००१ च्या उन्हाळ्यात नगरपालिकेच्या लक्षात आलं, की वाळवंटातला बिबट्या संपत चालल्याचं इस्रायलमधल्या किर्यात मलाखी गावातल्या लोकांना काहीच दुःख नाही. हे दुःख निर्माण करण्याची जबाबदारी संस्कृती विभागातल्या दोरोनवर पडली. त्याने भिंत निवडली मिकलातची, म्हणजे बॉम्ब पडले तर लपायच्या सार्वजनिक खोलीची. आणि चित्रकार निवडले मेयर थळकर.

मेयर अडुसष्ट वर्षांचे. मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. इथे आल्यावर सगळी नोकरी कापडगिरणीत गेली. या देशातली ही त्यांची पहिली भिंत, आणि वय पाहता शेवटचीच.

त्यांनी फोटोवर चौकोन आखले, तेवढेच भिंतीवर आखले, आणि तरुणपणी शिकले होते तसं रंगवलं: माणूस रस्त्यापलीकडे थबकला पाहिजे. बिबट्या साडेतीन मीटरचा झाला. सावल्या निळ्या, गाल किंचित गुलाबी, डोळ्यांत अंगार, जबड्यातून रक्ताचे तीन थेंब.

लोक थबकले. जनजागृती आठवड्याभरात पूर्ण झाली. देशात बिबटे आहेत हेच ज्यांना ठाऊक नव्हतं, अशा शहात्तर जणांनी ते मारावेत म्हणून सह्या दिल्या. अर्ज भिंतीसमोरच्या बालवाडीच्या पनिनाबाईंनी लिहिला होता. उरलेसुरले बिबटे इथून शंभर किलोमीटरवर आहेत, असं दोरोनने त्यांना समजावलं. बिबट्यांना चालता येत नाही का, असं बाईंनी विचारलं.

दोरोन मेयरकडे आला. आईवडिलांमुळे त्याला मराठी कळायचं, बोलायचा मात्र हिब्रूतच. बिबट्याला थोडं हसवा, रक्त पुसा, नाहीतर भिंतीला चुना लागेल, असं त्याने सांगितलं.

"हसवतो की," मेयर म्हणाले. "बाजूला हिरॉइन पण काढू?"

"अंकल, प्लीज. जरा मांजरासारखा करा."

"मांजरं संपत चालली काय रे?"

दोरोनने हिब्रूत पुन्हा चुन्याचंच सांगितलं.

मेयरनी चुन्याची बादली मागवली. पडलेल्या सिनेमाचा बोर्ड ज्याने रंगवला त्यानेच पुसायचा, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, अशी त्यांच्या धंद्यातली रीत. शेपटीपासून सुरुवात करून त्यांनी बिबट्या पांढरा करत आणला. डोळ्यांपाशी मात्र ते बराच वेळ शिडीवर नुसते उभे राहिले. पाणी हवं का, असं दोरोनने खालून विचारलं. ते नको म्हणाले, आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी पालिकेत पनिनाबाईंचा फोन आला. भिंतीवर होता तोवर निदान कुठे आहे ते दिसत होतं. आता तो गेला कुठे, असं मुलं विचारताहेत, आणि अंगणात खेळायला एकही तयार नाही.