पहिल्या पानाचं सुतक

मंगळवारच्या पेपरात पहिल्या पानावर ज्या बुडालेल्या माणसाच्या चेहऱ्याचा फोटो आला, त्याचं सुतक बुधवारी सकाळी अख्ख्या गावाला लागलं. घरोघरी तेल तापलं, पण मोहरी तडतडेना. देवघरातली वात पेटेना. आणि ज्यांनी ज्यांनी तो फोटो पाहिला होता, त्यांची पावलं जमिनीवर ओली उमटू लागली. जितका वेळ पाहिलं तितकं पाणी.

फोटो छापायचा निर्णय वृत्तसंपादक रघुवीर भाटवडेकरांचा. त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, ऋजुताचं लग्न गुरुवारवर आलेलं. कार्यालय ठरलेलं, आचारी येऊन पोचलेला, आणि नेमकं हे. सुतकात लग्न लागत नाही, हे कुणी सांगायला हवं? तेव्हा भाटवडेकरांनी उठल्या उठल्या मोजे चढवले, वर बूट घातले आणि साळसूद चेहऱ्याने चहा मागितला.

"घरात बूट?" त्यांच्या पत्नीने, कुमुदने विचारलं.

"पाय गार पडलेत."

"मे महिन्यात?"

भाटवडेकरांनी कप तोंडाला लावला. पण कुमुदही सकाळपासून स्वयंपाकघरातून बाहेर आली नव्हती, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. ओट्याखाली पोतेरं पडलं होतं. ते इतकं ओलं कशाने झालं असेल, असा विचार करत त्यांनी चहा संपवला.

गावात विचाराल त्याने कानावर हात ठेवले. "छे हो, आम्ही लगेच पान उलटलं," असं प्रत्येक जण सांगत होता आणि सांगता सांगता समोरच्याच्या पायांकडे बघत होता. बायका उंबऱ्याबाहेर पाय टाकायच्या आधी मागे वळून फरशी पुसत होत्या. कापडाच्या दुकानात मोजे औषधालाही उरले नाहीत. इतक्या लोकांनी न बघता उलटलेल्या त्या पानाचा अंक मंगळवारी दुपारच्या आतच संपला होता, ही गोष्ट मात्र कुणी काढली नाही.

ऑफिसात फोटोग्राफर इरफान मुजावर अनवाणी बसला होता. त्याच्या पायांखाली वाटीभर पाणी होतं. लपवायची खटपट त्याने केलेली नव्हती, आणि याचाच भाटवडेकरांना संशय आला.

"तुमच्याकडे कसं काय?" त्यांनी दार लोटून घेत विचारलं. "तुमच्यात सुतक नसतं."

"नसतं, साहेब. पण अम्मीची मोहरीही तडतडत नाही."

"फोटो तू काढलास. म्हणजे सगळ्यांत जास्त तूच पाहिलंस."

"मी एकदा बटण दाबलं आणि तोंड फिरवलं. चादर घातलेला फोटोही पाठवला होता, साहेब."

"चादर बघून कुणाला हादरा बसतो? पुलाला कठडा नाही म्हणून माणूस पडला. लोकांना दिसल्याशिवाय कठडा होत नसतो."

"होतोय ना, साहेब. आज कामाला सुरुवात झाली."

ते खरंच होतं. भाटवडेकरांना बरं वाटलं. पण इरफान बोलताना त्यांच्या बुटांकडे का बघत होता? हा पोरगा उद्या कुठे बोलणार तर नाही? मोजे आतून जड झाले होते. दुपारी त्यांनी दोनदा मोरीत जाऊन बूट उपडे केले.

संध्याकाळी हळद होती. ऋजुताच्या गालांना मावश्यांनी हळद लावली आणि ती पाण्यासारखी ओघळून गेली. पुन्हा लावली, पुन्हा ओघळली. तिचे गाल कोरेच राहिले.

"ऋजू, तूसुद्धा पाहिलंस?" भाटवडेकरांनी हळूच विचारलं.

"तुम्हीच छापलंत ना, बाबा."

आठल्ये गुरुजींनी पाट सरकवला. लग्नाच्या तिथ्या सांगाव्यात तशा सहज आवाजात ते म्हणाले, "ज्याने सर्वांत जास्त पाहिलं, तो त्या माणसाचा कर्ता. त्याने पाणी दिलं की बाकीचे मोकळे. मग लग्न निर्वेध होईल. मात्र कर्त्याला मांडवात उभं राहता येत नाही."

"कन्यादान?"

"ते मग मामा करतील."

ऋजुता जन्मली त्या दिवसापासून भाटवडेकरांनी तो क्षण मनात जपला होता. तिचा हात दुसऱ्याच्या हातात देताना रडायचं नाही, असं त्यांनी कितीदा तरी ठरवलं होतं. तो हात आता दुसरं कुणी देणार होतं.

"फोटोग्राफरला विचारा," ते म्हणाले. "असल्या गोष्टी तोच जवळून बघतो."

गुरुवारी सकाळी कार्यालयात पाहुणे जमले. शालूंखाली मोजे, धोतरांखाली मोजे. फरशी ओलीच होती आणि जो तो शेजारच्याकडे बोट दाखवत होता. वराकडची मंडळी डोळ्यांत तेल घालून सगळ्यांचे पाय बघत होती. इरफानला कर्ता म्हणून बोलावून घेतलं होतं. तो खांबाला टेकून उभा होता.

तेवढ्यात दारातून एक म्हातारी आत आली. अनवाणी होती, आणि तिची पावलं कोरडी होती. एवढ्या गर्दीत तेवढीच कोरडी.

"मी हौसाबाई लोंढे," ती म्हणाली. "बुडाला त्यो माझा संजू. नातीसाठी भजी घ्यायला गेलते. गाडीवाल्यानं कागदात बांधून दिली. घरी सोडली, तर आत माझा संजू. झटक्यात पदर टाकला त्याच्यावर. पुन्यांदा बगितलं न्हाई."

तिने कमरेचा कागद काढला. तेल पिऊन तो पारदर्शक झाला होता.

"दवाखान्यात लई माणसं झाकून ठेवल्यात. वळखायला सांगत्यात. मला त्वांड उघडून बगवत न्हाई. पेपरवालं समदं हितं हायेत म्हनत्यात, अंगात कंचा शर्ट हुता त्येवढं कुणी सांगा. फोटू मानंपत्तुरच हाय."

"निळा," भाटवडेकर म्हणाले. बोलायचं नाही असं ठरवूनही बोलले. "चौकड्यांचा. वरचं बटण खालच्या काजात अडकवलेलं."

इरफान खांबापासून पुढे आला.

"साहेब," इरफान म्हणाला, "ते छापलंच नव्हतं. मीसुद्धा नव्हतं पाहिलं."

भाटवडेकरांनी छापायच्या आधी कॉम्प्युटरवर तो अख्खा फोटो मोठा केला होता, आणखी मोठा केला होता, आणि टेबलावरचा चहा गार होईपर्यंत बघत बसले होते. का, ते त्यांना त्या दिवशीही कळलं नव्हतं. कठड्याचं तेव्हा त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांच्या बुटांच्या नाड्यांमधून पाणी वर आलं आणि फरशीवरून पाहुण्यांच्या रांगांपर्यंत वाहत गेलं.

"धाकटा हुता तवापास्नं त्याला बटनं लावता यायची न्हाईत," हौसाबाई म्हणाली. "म्या लावून द्यायची."

तिने तो तेलकट कागद फरशीवर पसरला. मांडवाच्या खांबाशी रंगवलेली मडकी रचली होती, त्यांतलं वरचं उचलून पाण्याने भरलं आणि भाटवडेकरांच्या खांद्यावर ठेवलं. कुमुद पुढे झाली, थांबली, आणि तिने नवऱ्याचे बूट काढून घेतले.

हौसाबाईने दगडाने मडक्याला भोक पाडलं. भाटवडेकर कागदाभोवती फिरले. पाणी पाठीवरून उतरत होतं, नवा सदरा अंगाला चिकटला होता. प्रत्येक फेरीला एक भोक वाढलं.

"बाकीचे मोकळे," आठल्ये गुरुजी म्हणाले. वराकडच्यांनी लगबगीने अंतरपाट धरला.

"आता सोडा," हौसाबाई म्हणाली.

मडकं त्यांच्या पाठीमागे पडून फुटलं.

"म्होरं चालायचं. मागं वळून बगायचं न्हाई. बगितलं तर सुतक परत समद्यांवर."

भाटवडेकर दाराकडे चालू लागले. पाठीमागे मंगलाष्टकं सुरू झाली. सावधान म्हटल्यावर अक्षता उडाल्या, त्यांतल्या काही त्यांच्या ओल्या पाठीवर येऊन चिकटल्या. ते उंबऱ्याशी पोचले.

"बाबा," अंतरपाटाआडून ऋजुताने हाक मारली. "बाबा, एकदा माझ्याकडे बघा ना."

भाटवडेकरांची मान वळू लागली.