चौथा येऊ दे

सरकारी दवाखान्यातल्या आमच्या वॉर्डात मामा आणि मावशी हे दोन मदतनीस. पडून असलेल्या पेशंटची कूस बदलायची असली की मामा खांद्यांकडे, मावशी पायांकडे. मामा म्हणायचे, "हं... आता!" आणि अंगापिंडाने केवढाही माणूस असो, अलगद वळायचा. मी सिस्टर, मला फक्त उशी सरकवायची. दोघं दिवसभर कचाकचा भांडायची, पण त्या "आता"ला कधी चुकली नाहीत.

मग संघभावनेचं प्रशिक्षण आलं. ज्यांनी जन्मात कुणाला उचललं नाही, ते आम्हाला उचलायला शिकवायला आले. टोप्या मिळाल्या, फोटो निघाले, टाळ्या झाल्या. पदरात पडला तो एक नियम: कूस बदलायला चार माणसं हवीतच. नियम वाईट नव्हता. पण चार माणसं आणायची कुठून? वॉर्डात आम्ही तिघं, आणि चौथा कायम कुठल्यातरी प्रशिक्षणाला.

मामांनी नियमाला मान डोलावली आणि काम पहिल्यासारखंच चालू ठेवलं. एकदा वळवताना पेशंटचा हात खाटेच्या कठड्याला लागला, जरासं खरचटलं. चौकशी बसली. नियम माहीत असून दोघांनीच का उचललं? मावशी निलंबित झाली, मामांना ताकीद मिळाली. मावशी परत आली ती दुधाने तोंड पोळल्यासारखी, ताकही फुंकून प्यायला लागली. मामा "हं" म्हणाले की ही हात मागे घ्यायची. "चौथा येऊ दे, मामा. माझ्या घरी खाणारी तोंडं आहेत." त्यांचं भांडणही बंद झालं. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

मामा निवृत्त झाले आणि काही दिवसांतच आमच्याच वॉर्डात आले, पेशंट होऊन. अर्धं अंग लुळं पडलेलं. आज त्यांच्या पाठीवर लाल डाग दिसला. कूस बदलली नाही तर तिथे जखम होते, मग ती हाडापर्यंत जाते. हे मामांनाही ठाऊक होतं.

"मावशी, ये गं लवकर."

"तिघंच आहोत, सिस्टर."

"अगं, मामा आहेत ते!"

"म्हणून तर. माझ्या हातून त्यांनाच काही झालं तर?" तिचे डोळे भरले होते, हात मात्र पाठीमागेच.

मामांच्या जागी आलेला मदतनीस दाराकडे बघत होता.

"चौथा कुठे मेलाय?" मी ओरडले.

"संघभावनेच्या उजळणीला," तो म्हणाला.

संतापाने मी एकटीनेच खांद्यांखाली हात घातले. मामांनी धड हाताने कठडा धरला आणि सवयीने पायांकडे पाहिलं. तिथे मावशी उभी होती, मान खाली घालून.

"हं..." मामा म्हणाले.

मावशीचे हात पाठीमागेच राहिले. मग त्यांनी कठडा सोडला.

"राहू दे, सिस्टर. चौथा येऊ दे."