रुसलेल्याचा तुकडा

मी एक जुना केकचा साचा आहे. पत्र्याचा, बदामाच्या आकाराचा आणि एका गालाने जरा फुगलेला. मित्रांनो, हसू नका. मला घडवणाऱ्या थोरल्यांनी जन्मभर बादल्या, डबे आणि नरसाळी केली होती. बदाम त्यांनी पहिल्यांदाच केला.

थोरले आणि धाकटे असे दोघे भाऊ. दोघांचे मिळून पत्राकामाचे दुकान होते. थोरल्यांचे नवे लग्न झाले होते आणि प्रेमाचा दिवस जवळ आला होता. गावभर दुकानांत लाल कागदी बदाम लटकत होते. लोक बायकोसाठी फुले नेत होते, गोड बोलत होते. थोरल्यांना गोड बोलणे कधी जमलेच नाही. त्यांनी दुकान बंद झाल्यावर, धाकट्यांच्या नजरेआड, डब्याचा उरलेला पत्रा कापून मला ठोकून काढले आणि घरी जाऊन बायकोला बजावले, "आज स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस."

तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. वहिनी उंबऱ्यावर बसली, पण गप्प बसेल तर ती वहिनी कसली!

"अहो, साच्याला लोणी चोळलंत का? अहो, ती साखर नाही, मीठ आहे!"

मग मला ओव्हनमध्ये ठेवले. निपचित पडलेले पातळ पीठ माझ्या पोटात हळूहळू वर येऊ लागले. मी थक्क झालो. मी तर काहीच केले नव्हते, नुसता धरून बसलो होतो. इतक्या वर्षांनंतरही ते आठवले की मी तितकाच चकित होतो.

तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी केक थोरल्यांनीच करायचा, असे ठरून गेले. मात्र ही गोष्ट बाहेर कळता कामा नये, अशी त्यांची सक्त ताकीद होती. बाजारात थट्टा झाली असती. वहिनीनेही आपली एक रीत घातली. केकचे टोक घरात कोणी खायचे नाही. आपल्यावर जो रुसला असेल त्याचा तो तुकडा. एका वर्षी तो शेजारणीला गेला, एका वर्षी कपाटामागे फुगून बसलेल्या लेकीला.

पुढे भावाभावांत बिनसले. धाकट्यांना दुकानात यंत्र आणायचे होते, थोरल्यांना हातोडी सोडवत नव्हती. शब्दाने शब्द वाढला. धाकट्यांनी वेगळे दुकान थाटले आणि दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले. बोलणे बंद झाले. मग टोक दरवर्षी धाकट्यांकडेच जाऊ लागले. निघताना थोरले वहिनीला हळूच म्हणायचे, "मी केलाय म्हणू नकोस हं. तो खाणार नाही." ती परत येईपर्यंत त्यांचे लक्ष दाराकडे असायचे.

"खाल्लं?"

"बशी पुसून खाल्लं."

आणि मग एका वर्षी वहिनी गेली.

पुन्हा तो दिवस आला. रस्ते लाल झाले. मी कपाटावर पालथा पडून होतो. लग्न होऊन गेलेली लेक माहेरी आली होती. तिने मला खाली काढले.

"बाबा, काकाचा तुकडा?"

"कोण नेणार आता?" थोरले एवढेच म्हणाले.

दोन घरांमध्ये येणेजाणे म्हणून तेवढेच उरले होते. तेही थांबले, तर सगळेच संपणार होते.

पण मग थोरले उठलेच. त्यांनी अंडी फेटली, पीठ माझ्यात ओतले. लोणी चोळलंत का, हे विचारणारे उंबऱ्यावर कोणी नव्हते. केक छान फुगला, पण मला असा चिकटला की निघता निघेना. टोक काढायचे कसे? थोरल्यांनी शेवटी मलाच टॉवेलात गुंडाळले, चपला घातल्या आणि ते निघाले. दुकानातून घरी आलो त्यानंतर मी पहिल्यांदाच, टॉवेलाच्या फटीतून, रस्ता पाहत होतो.

धाकट्यांनी दार उघडले. थोरल्यांनी मला पुढे केले. धाकट्यांनी आतून चमचा आणला, उभ्याउभ्याच एक घास खाल्ला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"दादा, ही तर वहिनीच्या हातची चव."

"तिला केक कुठे येत होता रे? दरवर्षी मीच करायचो."

चमचा हवेतच थांबला.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या हातचं खात होतो?"

थोरल्यांनी मान हलवली. धाकट्यांनी त्यांचा हात धरला आणि ते म्हणाले, "आत ये."

त्या दिवशी दोघांनी मिळून मला चमच्यांनी खरवडून काढले. अंगभर ओरखडे उठले, पण इतके सुख मला कधी मिळाले नव्हते. वहिनीला मात्र हे पाहायला मिळाले नाही, याचे वाईट वाटते. म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे आहे. तुमच्यावर कोणी रुसले असेल, तर त्याचा तुकडा दुसऱ्याच्या हाती पाठवू नका. उठा, चपला घाला आणि तुम्हीच घेऊन जा.