साडूचं टेबल

थोरल्या जावयाला आयुष्यात एकाच माणसाचा हेवा वाटायचा, आणि तो नेमका त्याचा साडू निघाला. बाकी जग कितीही पुढे गेलं तरी त्याची झोप मोडत नसे. पण मेहुणीच्या नवऱ्यानं साधी फुलझाडाची कुंडी आणली तरी याच्या पोटात दुखायचं.

आता तर कारण कुंडीपेक्षा मोठं होतं. सासऱ्यांनी जन्मभर सुतारकाम केलेलं. हात थरथरायला लागले तसं त्यांनी जाहीर केलं, की आपली हत्यारांची पेटी एका जावयाला देणार. "ज्याच्याकडे कामाची नीट जागा असेल, त्याला. महिनाअखेरच्या रविवारी दोघांकडे येऊन बघतो." पटाशी कशी धरायची हे थोरला त्यांच्याच शेजारी बसून शिकला होता, धाकटा जावई घरात यायच्या बारा वर्षं आधी. पेटी आपलीच, असं तो धरून चालला होता.

अडचण अशी, की आजवर तो फरशीवर बसून, पायानं लाकूड दाबून काम करायचा. टेबल कधी नव्हतंच. मागच्या खोलीत ते कुठे आणि कसं बसवावं यावर त्यानं पंधरा दिवस कागद काळे केले. भिंतीला लावून? मधोमध? की कोपऱ्यात काटकोनात? खडूनं फरशीवर आखायचा, नुसत्या हातांनी रंधा मारल्यासारखं करून बघायचा, पुन्हा पुसायचा. बायको वैतागली.

"अहो, एवढा विचार तुम्ही लग्नाच्या वेळी केला नव्हता."

"म्हणूनच आता करतोय," तो म्हणाला, आणि त्या दिवशीचा चहा त्याला स्वतःच करून प्यावा लागला.

शेवटी भिंतीलगत टेबल आणि डाव्या हाताला खिडकी, असा नकाशा ठरला. त्याच संध्याकाळी तो साडूकडे गेला आणि सगळं बिघडलं. साडूचं टेबल तयार होतं. जाड फळीचं, भक्कम पायांचं, हत्यारं हाताशी ओळीनं लावलेली, टोकाला लाकूड घट्ट धरणारा शेगडा. थोरल्यानं कडेला धरून हलवून पाहिलं. हललं नाही. नावं ठेवायला कुठे जागाच नव्हती, याचं त्याला फार वाईट वाटलं. साडू आत चहा टाकायला गेला तशी यानं खिशातली टेप काढली आणि लांबी, उंची, शेगड्याची जागा, खिडकीची बाजू, सगळं एका जुन्या तिकिटाच्या मागे उतरवून घेतलं. चहा पिताना म्हणाला, "बरं झालंय. जरा उंच वाटतं."

घरी येऊन त्यानं स्वतःचा नकाशा फाडला. सुट्टी टाकून आठवडाभर खपला. साडूची फळी दीड इंच, म्हणून याची दोन इंच. साडूची खिडकी उजवीकडे, म्हणून यानंही टेबल फिरवून खिडकी उजवीकडे घेतली. शनिवारी वॉर्निशचा शेवटचा हात मारला आणि ते वाळेपर्यंत कुणी बोट लावायचं नाही असा दम भरला. तो दम त्याला स्वतःलाही लागू होता.

रविवारी सासरे आधी धाकट्याकडे जाऊन, त्याला सोबत घेऊनच आले. टेबलाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी रेघ आखलेली एक फळी पुढे केली. "जावईबापू, एवढी सपाट करून दाखवा."

थोरल्यानं फळी शेगड्यात आवळली, रंधा घेतला आणि उभा राहिला. शेगड्याची मूठ मांडीत घुसली. सरकून उभा राहिला तर हाताची सावली बरोबर आखलेल्या रेघेवर. रंधा अडखळला, फळीचा कपचा उडाला. दुसऱ्यांदाही तेच. साडूला बघवेना. त्यानं पुढे होऊन रंधा डाव्या हातात घेतला आणि लांबलचक पातळ साल सरसर निघाली.

साडू डावखुरा होता. थोरल्याला हे माहीत नव्हतं असं नाही. सासुरवाडीला शेजारी जेवायला बसलं की दोघांची कोपरं आपटायची. पण हेवा डोक्यात चढला की माणूस टेपवरचे आकडे बघतो, हात बघत नाही.

"हे टेबल मी तासाभरापूर्वीच पाहिलंय," सासरे म्हणाले.

साडू पटकन म्हणाला, "नाना, चूक माझी. दादांना मापं मीच दिली. बाजू उलटी करून घ्या, एवढं सांगायचं राहून गेलं. शेगडा अर्ध्या दिवसात हलवता येईल. पेटी दादांनाच द्या, तुमच्याकडे आधी तेच शिकले."

"मग ठीक आहे," म्हणत सासऱ्यांनी पेटीची किल्ली बाहेर काढली.

थोरल्याला आता फक्त गप्प बसायचं होतं. पण साडूच्या चेहऱ्यावर उपकाराचा लवलेशही नव्हता. आणि मापांचं त्याला कळलं कसं? म्हणजे त्यानं आपल्याला ती घेताना पाहिलं होतं. पाहूनही चहा निवांत उकळू दिला होता. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. टेबलात हरणं त्यानं गिळलं असतं. पण हा माणूस मोठेपणातही पुढे जाणार?

"खोटं बोलतोय तो," थोरला म्हणाला. "मी चोरून मापं घेतली. तो चहा करत होता तेव्हा."

सासऱ्यांनी दोघांकडे पाहिलं आणि किल्ली साडूच्या हातात ठेवली.

सगळे गेल्यावर बायको दारात येऊन उभी राहिली. "गप्प बसला असतात तर पेटी आज घरात असती."

"असती," तो वाकून शेगड्याचे बोल्ट सैल करत म्हणाला. "आणि रंधा हातात घेतला की रोज आठवलं असतं, की तो चांगला माणूस आहे. ते मला झेपलं नसतं."