पाखरांचं ब्लँकेट

"मंजुळाबाई, विसरू नका हं! अंधार पडायच्या आत पोटभर राळे, मग पिंजऱ्यावर हे ब्लँकेट. एवढासा जीव, अंगात ऊब टिकत नाही त्यांच्या. पोटात दाणा असला तरच रात्र निघते."

आठल्ये साहेब गाडीत बसता बसता सांगत होते. सगळं घर लग्नाला पुण्याला निघालं होतं. घरकामाच्या मंजुळाबाईने मान डोलावली. मनात म्हणाली, वा रे वा, पाखरांची केवढी ही माया!

याच माणसाने दिवाळीनंतर तिच्या नवऱ्याला, चिंधाला, आपल्या कारखान्यातून काढून टाकलं होतं. प्लास्टिकच्या तापल्या मशीनपुढे रात्रपाळीत घामाने निथळायचं आणि पहाटे तशाच ओल्या सदऱ्यात, गार वाऱ्यात, नरोलीच्या खोलीपर्यंत सायकल हाणायची. त्याची छाती भरली, कामाच्या पाळ्या चुकल्या. ती साहेबांच्या पाया पडली होती. "आजारी माणूस कंपनीला कसा परवडेल, बाई?" एवढं बोलून साहेब पिंजऱ्यातल्या मुनियांना दाणे घालायला वळले होते. आता बघूच म्हणावं, कोणाला काय परवडतं ते!

त्या संध्याकाळी तिने राळ्याच्या डब्याला हात लावला नाही. ब्लँकेट काखोटीला मारलं, पिंजरा गॅलरीत तसाच न झाकता टाकला. "मरा आता!" म्हणाली आणि ताडताड निघाली. खोलीवर चिंधा कुडकुडत पडला होता. तिने ब्लँकेट त्याच्या अंगावर घातलं. कित्येक दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

सकाळी ती मेलेली पाखरं बघायलाच आली. मेली कुठली! दांडीवर एकमेकांना चिकटून, पिसं फुगवून बसली होती. कडेची एक मुनिया थरथरत होती. ती सगळ्यांच्या पाठीवरून उडी मारून मधे घुसली, तशी दुसरी कडेला आली. मंजुळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यांनो, मरत पण नाही! तरी रागारागातच तिने वाटी शिगोशीग भरली. पाखरं दाण्यांवर अशी तुटून पडली, की तिला बघवेना.

ब्लँकेट मात्र तिने परत आणलं नाही.

साहेब आले. पाखरं बघून खूश झाले, मग थबकले. "ब्लँकेट कुठंय?"

"माझ्या घरी. माझ्या माणसाच्या अंगावर."

"अहो, पण या थंडीत ही पाखरं..."

"त्यांना पिसं हायेत, साहेब. माझ्या माणसाला नाहीत."

साहेब पिंजऱ्याकडे बघू लागले. मंजुळाबाईने मनसोक्त त्यांच्याकडे बघून घेतलं.

संध्याकाळी चिंधाच्या पांघरुणाला चिकटलेलं एक तांबडं पीस तिने चिमटीत धरलं, दाराबाहेर फुंकलं, आणि त्याच्या पायांखाली ब्लँकेट नीट खोचलं.